अंगणातलं कुत्रं आणि झटक्याची तार



गेले काही महिने कोणत्याही गटाच्या बैठकीला गेलो, की हप्ते गोळा होऊन हिशेबाची वही मिटली की हमखास कुत्र्याचा विषय निघतो. कुणाचं कुत्रं शेजारणीच्या कोंबड्या धरतं आणि भांडण दोन घरांत लागतं. कुणाचं डांबरी रस्त्यावर मोटारसायकलींच्या मागे धावतं. कुणाचं रात्री बाहेर गेलं ते सकाळी आलंच नाही. शेतात डुकरांसाठी झटका मशीन आता बऱ्याच जणींकडे बसलेलं आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तेच अंगणाला लावलं तर कुत्रं आत राहील का?

एका वस्तीवर तर एक ताई म्हणाल्या, "आमचे मालक म्हणतात मशीनला पैसे कशाला घालायचे, बोर्डातून एक वायर काढू आणि तारेला जोडू. रात्रीपुरतीच." त्या अगदी सहज बोलल्या. बाकीच्याही कुणी दचकल्या नाहीत. म्हणून हा विषय रेडिओवर घ्यायचं आम्ही ठरवलं. कुत्र्याचं बोलूच, पण आधी त्या वायरीचं बोलायला हवं.

झटका मशीनची तार आणि बोर्डातून काढलेली तार दिसायला सारखीच. दोन्हींत वीजच. मग एक चालते आणि दुसरी जीव घेते, असं का?

भाकरी उलटताना आपण काय करतो? हातानेच उलटतो. तवा लाल तापलेला असतो, बोट त्याला लागतंही, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत आपण हात काढलेला असतो. चटका बसतो, बोट जळत नाही. तोच तळहात तव्यावर दहा आकडे मोजेपर्यंत ठेवला तर? तवा तोच, फरक फक्त किती वेळ टेकला याचा.

मशीनचं काम असंच आहे. बॅटरीतून किंवा सौर पॅनेलवरून आलेली वीज ते आत थोडी थोडी साठवतं आणि साधारण सेकंदाला एकदा एकदम तारेत सोडतं. टक, मग थांबा, पुन्हा टक. मशीनजवळ उभं राहिलं की हा आवाज ऐकू येतो. तो झटका पाच ते दहा हजार व्होल्टचा असतो, आकडा ऐकून छाती दडपते. पण तो टिकतो किती, तर चांगल्या मशीनमध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. उरलेला सगळा वेळ तार मोकळी असते. त्या वेळात माणूस हात मागे घेतो, जनावर उडी मारून मागे सरतं. अशा मशीनसाठी जी मानकं आहेत त्यांत झटक्याचा जोर ५ ज्यूलच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर ठेवायचं, असं घालून दिलेलं आहे. जोर आणि अंतर या दोन्ही गोष्टी मशीनच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात छापलेल्या असायला हव्यात. ज्या मशीनवर काहीच लिहिलेलं नाही आणि दुकानदार नुसतं "लई जोरात मारतं बघा" एवढंच सांगतो, ते घेऊ नका.

आता बोर्डातली वीज. ती २३० व्होल्टची, म्हणजे मशीनपेक्षा आकडा लहान. आणि इथेच माणसं फसतात. ही वीज थांबत नाही, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट फिरते आणि अखंड चालू राहते. तिने हाताचे स्नायू आखडतात. तार हातात आली तर मूठ सुटत नाही, उलट घट्ट आवळली जाते. माणूस चिकटला असं आपण म्हणतो ते हेच. तोवर छातीतून जाणारी वीज काळजाचे ठोके बिघडवते.

"फ्यूज उडेल की" असं कुणी म्हणालं तर त्यांना हा हिशेब सांगा. माणसाच्या जिवाला धोका व्हायला ३० मिलिअँपियरच्या आसपासची वीज पुरते. फ्यूज असतो ५ अँपियरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपियरचा. माणूस तारेला चिकटून मेला तरी फ्यूजला त्याचा पत्ता लागत नाही. तो घराची वायरिंग जळू नये म्हणून असतो, आपल्यासाठी नसतो. माणसाच्या जिवासाठी वेगळं यंत्र मिळतं, त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. घरात ते जरूर बसवून घ्या. पण ते आहे म्हणून कुंपणात वीज सोडायची मुभा मिळत नाही.

दुसरी एक युक्ती गावोगाव चालते. तारेच्या मध्ये बल्ब जोडायचा, म्हणजे म्हणे करंट कमी होतो. कमी होतो हे खरं. पण ६० वॉटच्या बल्बमधून साधारण २६० मिलिअँपियर वीज जाऊ शकते. वर सांगितलेल्या ३० च्या आठपटीहून जास्त. बल्ब लावलेली तारही मारतेच, फक्त लावणाऱ्याला आपण काळजी घेतली असं वाटत राहतं.

अशा तारेने कोण जातं हे आपण दर वर्षी पेपरात वाचतो. डुकरासाठी तार लावलेली असते आणि पहाटे पाणी धरायला गेलेला शेजारचा शेतकरी जातो. गवत कापायला गेलेली बाई जाते. लाईट रात्रीची आहे म्हणून अंधारात मोटार चालू करायला गेलेला घरचाच मुलगा जातो. अंगणाच्या तारेचं तर विचारूच नका. पहाटे सडा घालायला कोण उठतं? अनवाणी, ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर कोण असतं? आपणच. "रात्रीपुरती" लावलेली तार सकाळी काढायचं एक दिवस राहून जातं, तेवढं पुरतं. आणि ज्या कुत्र्यासाठी हा सगळा खटाटोप, ते तर पहिल्याच रात्री जाईल. त्याचे चारही पाय जमिनीला आणि नाक ओलं.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. कुंपणात अशी वीज सोडणं गुन्हा आहे. आकडा टाकून सोडली तर वीजचोरी वेगळी. त्यात माणूस गेला तर तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधासारखा गंभीर गुन्हा दाखल होतो, तसे खटले झालेले आहेत. रानडुक्कर किंवा बिबट्या मेला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. मालकांना समजावताना हे उपयोगी पडतं. जिवाचं सांगून न ऐकणारी माणसं कधीकधी पोलीस ठाण्याचं नाव काढलं की ऐकतात.

हे झालं. आता मशीन आणि कुत्रं.

झटक्याच्या तारेने कुत्रं आवरतं का? आवरतं, पण तार ही भिंत नव्हे. भिंत कुत्र्याला अडवते, तार त्याला नुसती आठवण करून देते. डुक्कर किंवा गाय एकदा नाक लावते, झटका खाते आणि त्या बाजूला जायचं सोडते. कुत्रंही तसंच शिकतं, पण त्याला शिकवावं लागतं. नुसती तार ताणून कुत्रं मोकळं सोडलं, तर झटका कशाचा बसला हे त्याला कळत नाही. ते घाबरून पुढेच पळतं, तारेतून पार होतं, आणि मग तीच तार त्याला घरात परत येऊ देत नाही. काही कुत्री अंगणालाच घाबरतात आणि ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहतात. झटका बसला त्याच वेळी शेजारी एखादं पोर उभं असेल, तर कुत्र्याला वाटतं की हे त्या पोरानेच केलं. अशा वेळी ते चावूही शकतं.

म्हणून लावायचंच असेल तर पहिले आठ-पंधरा दिवस त्याला पट्ट्याला धरून तारेच्या कडेने फिरवायचं. तारेला जुन्या साडीच्या रंगीत चिंध्या बांधायच्या, म्हणजे हद्द त्याला दिसते. मशीन बंद ठेवून आधी हद्द ओळखीची करायची, मग चालू करायचं. झटका बसला की ओरडायचं नाही, कुरवाळायचंही नाही, शांतपणे आत न्यायचं. लहान पिल्लं आणि गाभण कुत्री असेल तर हे करूच नका.

तारेची उंची कुत्र्याच्या नाकावर ठरते, कारण अंगावर केस असतात आणि कोरड्या केसांतून झटका नीट लागत नाही. आपल्या गावठी कुत्र्यासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, म्हणजे २०-२२ सेंटिमीटरवर, दुसरी हातभर म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि उडी मारणारं असेल तर तिसरी त्याच्या वर. तार साधी, गुळगुळीत हवी. काटेरी तारेत झटका कधीही सोडायचा नाही. काट्यात साडी, केस किंवा जनावराचं कातडं अडकलं तर सुटायला वेळ लागतो आणि झटक्यावर झटके बसत राहतात. सेकंदाला मिळणारी जी सुटका आम्ही मघाशी सांगितली, तीच मग राहत नाही.

मशीन चालत नाही म्हणून दुकानात परत नेणाऱ्या बऱ्याच जणींच्या बाबतीत दोष मशीनचा नसतो, अर्थिंगचा असतो. झटका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनकडे जातो, असा तो फेरा आहे. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे पाय जमिनीला नसतात, फेरा पुरा होत नाही. जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत झाली की फेरा तुटतो आणि तार मेल्यासारखी होते. म्हणून अर्थिंगसाठी हातभर सळई ठोकून भागत नाही. पाच-सहा फुटांचे गॅल्व्हनाइज पाइप किंवा सळ्या, शक्यतो तीन, एकमेकींपासून आठ-दहा फुटांवर, ओल राहील अशा जागी ठोकायच्या. मोरीचं पाणी जिथे जातं ती जागा चांगली. घराच्या वायरिंगचं अर्थिंग मात्र यासाठी वापरायचं नाही. दुसरा दोष गवताचा. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की झटका गवतातूनच जमिनीत जातो. महिन्यातून दोनदा तारेखाली खुरपं फिरवायला लागतं, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको. मशीन घ्यायच्या आधी हे कामही धरून हिशेब करा. तारेत झटका आहे का हे बघायला कुंपणाचा वेगळा टेस्टर मिळतो. घरातला पेचकसाचा टेस्टर तिथे लावू नका.

मशीनचा झटका निरोगी माणसाला दुखतो, मारत नाही, म्हणून ते अगदीच निर्धास्त आहे असंही नाही. डोकं, मान किंवा छाती तारेला लागणं वाईट. रांगणारं पोर खालच्या तारेला नेमकं डोक्यानेच लागतं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, पेसमेकर बसवला आहे, त्यांनी आणि गरोदर बायांनी लांबच राहायचं. नळ, हौद, पाण्याची टाकी आणि जनावरांची पाण्याची जागा यांच्याजवळून तार न्यायची नाही. रस्त्याच्या बाजूला ठळक अक्षरांत पाटी लावायची. आणि ज्या तारेवर कपडे वाळत घालतो तिचा या कशाशीही संबंध येऊ द्यायचा नाही. ओघात निघालं म्हणून सांगतो, कपड्यांची तार विजेच्या खांबाला किंवा मीटरकडे येणाऱ्या वायरीजवळ बांधलेली असेल तर आजच सोडा. पावसाळ्यात त्या तारेनेही माणसं जातात. तिथे लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा.

मग आमचं मत काय? गावठाणात घराला घर लागून असेल, समोर बोळ असेल, पोरंबाळं ये-जा करत असतील, तर अंगणाला झटका मशीन नकोच. तेवढ्या पैशांत साधी जाळी येते आणि ती लाईट गेली तरी काम करते. वस्तीवर, मोकळ्या वावरात, आधीच शेताला मशीन असेल आणि कुत्रं शिकवायला घरात कुणाला वेळ असेल, तर विचार करायला हरकत नाही. वनहद्दीजवळच्या काही गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. ते शेताच्या पिकासाठी असतं, अंगणासाठी नाही. आपलं गाव त्यात बसतं का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

जाळी लावतानाही एक खुबी आहे. कुत्रं वरून कमी आणि खालून जास्त जातं. माती उकरून, पोट घासत. म्हणून जाळीचा खालचा हातभर भाग आतल्या बाजूला जमिनीवर आडवा पसरायचा आणि त्यावर दगड-माती टाकायची. कुत्रं जाळीच्या बुडाशी उकरायला जातं, तिथे नखं जाळीलाच लागतात. चार पाय मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. जाळीला पैसे नसतील तर बोराटीच्या काट्या आणि खाली दगडांची ओळ हे आपल्या आज्यांचं कुंपण आजही वाईट नाही.

आणि कुत्रं बाहेर का जातं हेही बघायला हवं. पोट भरलेलं नसेल तर ते उकिरड्यावर जाणारच. उरलंसुरलं कधी टाकलं, कधी नाही, असं न करता वेळेवर दोनदा भाकरी-ताक दिलं तर निम्मी भटकंती कमी होते. नर असेल तर माजावर आलेल्या कुत्रीचा वास त्याला लांबून खेचतो, तिथे झटकाही थोपवत नाही. नसबंदी हाच त्यावर उपाय. गावातल्या पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, त्याच फेरीत रेबीजची लसही टोचून घ्या.

बांधून ठेवायचं म्हणाल तर दिवसरात्र आखूड साखळीला बांधू नका. बांधून राहिलेलं कुत्रं चिडकं होतं. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला फार वेळ आखूड किंवा जड साखळीत ठेवणं हाही गुन्हा सांगितला आहे. दोन खांबांमध्ये जाड तार डोक्याच्या वर ताणायची, तिच्यात कडी ओवायची आणि साखळी त्या कडीला अडकवायची. कुत्रं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतं, राखणही करतं. ही तार विजेची नाही, एवढं आता सांगायला नको.

शहरातल्या एका मुलीने आईला सुचवलं होतं की गळ्यातला झटक्याचा पट्टा मागव. जमिनीत पुरलेल्या वायरीजवळ कुत्रं गेलं की पट्टा त्याच्या मानेला झटका देतो. अमेरिकेत हे बरंच चालतं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये मात्र २०१० पासून अशा पट्ट्यांवर बंदी आहे. आपल्याकडे त्याची पहिली अडचण वेगळी आहे. पुरलेली वायर आपलं कुत्रं आत ठेवेल, पण बाहेरचं पिसाळलेलं कुत्रं, डुक्कर, बिबट्या यांना आत यायला ती मोकळीच.

बिबट्याचं नाव घेतलंच आहे, तर जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यातल्या आणि आता इतरही उसाच्या भागातल्या मैत्रिणींसाठी हे खास. अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्या काय खातो याचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा अवघा ११ टक्के. खरं तर त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. असं का? शेळ्या आपण रात्री कोंडतो, कुत्रं बाहेर असतं.

म्हणजे रात्री कुत्र्याला अंगणात अडकवून ठेवणारी कोणतीही तार बिबट्याच्या भागात त्याच्याविरुद्धच जाते. बिबट्या पाच-सहा फुटांचं कुंपण सहज ओलांडतो. आतल्या कुत्र्याला मात्र पळायला वाट नसते, आणि साखळीला बांधलेलं असेल तर तेवढीही नाही. तिथे कुत्रं रात्री शेळ्यांसारखंच कोंडायचं. गोठ्याच्या कोपऱ्यात, वरून आणि चारही बाजूंनी बंद अशा जागेत. भुंकायचं काम ते आतूनही करतं. दारात अंगणभर उजेड ठेवा. बिबट्याचा वावर जाणवला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

शेवटचं, आणि हे घरातल्या पोरांनाही ऐकवा. कुणी विजेच्या तारेला चिकटलेलं दिसलं तर हाताने ओढायचं नाही, ओढणारंही चिकटतं. एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात ती अशीच. आधी मेन स्विच बंद करायचं. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर किंवा प्लॅस्टिकच्या पाटावर उभं राहून, कोरड्या काठीने तार बाजूला सारायची. ओली काठी, लोखंडी पाइप, विळा नको. तार खांबावरूनच तुटून पडलेली असेल तर काठीनेही जवळ जायचं नाही, लांब थांबून लोकांना अडवायचं आणि महावितरणच्या १९१२ वर फोन करून लाईन बंद करायला सांगायचं. माणूस सुटला आणि श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोरात, भराभर दाबत राहायचं, मिनिटाला शंभरापेक्षा जास्त वेळा. थकलो तर दुसरीने हात लावायचा. तो शुद्धीवर आला आणि "मला काही झालं नाही" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण ठोके नंतरही बिघडू शकतात.

हे दाबायचं कसं ते बोलून नीट कळत नाही. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलवा आणि एकेकीने उशीवर करून बघा.